मोटर चालू असेपर्यंत

दारव्ह्यातली आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, बारा फ्लॅटची. खाली पार्किंग, पार्किंगच्या कोपऱ्यात पाण्याच्या मोटरची खोली आणि तिला लागून एक शटर. शटरवर निळ्या रंगात 'हेल्थ क्लब' असं रंगवलेलं, आणि त्याखाली कोणीतरी खडूने लिहिलेलं 'येथे गाडी लावू नये'. फ्लॅट विकताना बिल्डरने या जिमचा बराच गाजावाजा केला होता म्हणे. मी मोठ्या बाबांकडे राहायला आले तेव्हा ट्रेडमिलवर गणपतीच्या मखराचं थर्माकोल पडलेलं होतं, सायकलच्या हँडलवर चौकीदार काकांचा टॉवेल वाळत होता आणि वजनांच्या मशीनच्या दोरीला कोळ्याने जाळं केलं होतं.

आमचं गाव इथून १४ किलोमीटर. पहिल्या वर्षी मी एसटीने जाऊन येऊन केलं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालायला लागली आणि परतीची बस हुकायला लागली, तेव्हा बाबांनीच सांगितलं, मोठ्या बाबांकडं राह्य. शनिवारी दुपारी अर्ध्या तिकिटात गावाला, सोमवारी पहाटेच्या बसने परत, असं ठरलं.

जिमचं खूळ मात्र दारव्ह्यात नाही, वावरात डोक्यात शिरलं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आईसोबत कापूस वेचायला गेले. लहानपणापासून जातेच, पण दोन-चार तास हौसेने. या वेळी बाया मिळत नव्हत्या म्हणून सलग तीन दिवस. पऱ्हाटी कमरेइतकी, बोंडं खालीवर, म्हणजे धड उभंही राहता येत नाही आणि धड बसताही येत नाही. अर्धं वाकून सकाळचं दव सुकल्यापासून दिवस मावळेपर्यंत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओटी सोडायला मी सरळ व्हायला गेले आणि झालेच नाही. बांधावर हात टेकून उभी राहिले. मी १९ वर्षांची, आई ४४ची. काट्यावर तिचा कापूस ३९ किलो भरला, माझा १७. ती हसली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, "कॉलेजात बसून बसून कंबर पोकळ झाली तुही."

मी तशी बारीक. वजन ४६ किलो. त्यामुळे 'जिमला जाते' म्हटल्यावर ज्याने त्याने एकच विचारलं: तुले कायले जिम, तू तं काडीच आहेस. जाड माणसाने बारीक व्हायला जायची जागा म्हणजे जिम, असा सगळ्यांचा पक्का समज. बारीक असणं आणि अंगात जोर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मलाही त्या बांधावरच कळलं होतं, त्यामुळे कोणाला समजावत बसले नाही. आजीचं म्हणणं वेगळंच होतं. "थ्या लोखंडाले उचलून काय भेटते तुले? वावरात ये ना व, तिथं फुकट हाय सगळं." या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

डिसेंबरमध्ये फोनवर एक ॲप घेतलं. बारा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज एक तास. मी वहीत चौकोन आखले, हिरवं स्केचपेन घेतलं. नऊ चौकोन भरले.

त्या नऊ दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ट्रेडमिल. थर्माकोल काढून, पट्टा पुसून मी ती चालू केली आणि मस्त धावत होते. सात-आठ मिनिटांनी लाईट गेली. पट्टा जागच्या जागी थांबतो, आपण थांबत नाही. मी पुढच्या दांड्यावर छातीने आदळले, हनुवटीला खोक पडली नाही एवढंच नशीब. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा काही नेम नसतो, हे जन्मापासून माहीत असून मी विजेवर पळायला गेले होते.

दुसरी गोष्ट धाप. दोन जिने चढले तरी छाती भात्यासारखी हलायची. बैठका मारून उठले की डोळ्यांपुढे अंधारी. मला वाटलं, स्टॅमिना नाही, सवयीने येईल. म्हणून अजून जोर लावला. दहाव्या दिवशी प्रॅक्टिकलला स्टुलावर बसल्या बसल्या झोप लागली, अकराव्या दिवशी उठलेच नाही. पुढे सेमिस्टरची परीक्षा आली आणि हिरवं स्केचपेन मोठ्या आईने किराणाच्या यादीसाठी घेतलं.

जानेवारीत कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं. माझं हिमोग्लोबिन निघालं ९.४. बाईमाणसाचं निदान १२ पाहिजे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या कागदावर लाल गोल होता, त्यामुळे त्या दिवशी कोणाला फारसं काही वाटलं नाही; सगळ्या मिळून कँटीनमध्ये चहा प्यायला गेलो. चहा हाच त्यातला एक चोर आहे हे दोन दिवसांनी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. जेवणासोबत किंवा जेवल्याबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही, लिंबू पिळून खाल्लं तर जास्त लागतं. पाळी किती दिवस, किती जाते, हे त्यांनी नीट विचारलं. तोपर्यंत मला हे कोणी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. जंताची एक गोळी आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. सुरुवातीला मळमळेल, शौचाला काळी होईल, घाबरून बंद करू नको, हेही सांगितलं. बरं झालं सांगितलं, कारण मी नक्की घाबरले असते.

मी विचारलं, व्यायाम बंद करू का? त्या म्हणाल्या, "बंद नको, पण रक्त भरेपर्यंत हट्ट नको. बोलता बोलता करता येईल एवढाच कर. चक्कर आली की थांबायचं."

म्हणजे डिसेंबरभर मी ज्याला आळस समजून स्वतःला शिव्या देत होते तो आळस नव्हता. अजूनही मला कोणी मुलगी म्हणाली की जिम चालू केलं पण दमायला होतं, तर मी आधी विचारते, रक्त कधी तपासलं?

खाण्याचं तेव्हाच लगोलग आलं. बिल्डिंगमधला एक मुलगा पावडरच्या डब्याचं सांगत होता. त्या डब्याच्या किमतीत माझा महिन्याचा सगळा खर्च भागतो. मी न्यूट्रिशनचा भाग पुस्तकात काढला आणि हिशोब केला. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे धडधाकट माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझे होतात ३८ ग्रॅम, व्यायाम करते म्हणून थोडी जास्त धरली. आमच्या घरच्या जेवणात भाकर-वरण-भाजी असते, ते वाईट नाही, पण वरण कसलं, तर ताटाचा तळ दिसेल असं. मग मोठ्या आईच्या मागे लागून वरण घट्ट करून घेतलं. सकाळी मूठभर फुटाणे, दोन उकडलेली अंडी आणि एक दिवसाआड सोयाबीनच्या वड्यांची भाजी. वड्या तेल काढून उरलेल्या पिठाच्या, म्हणून त्यात प्रथिनं भरपूर: कोरड्या १०० ग्रॅममध्ये ५० ग्रॅमच्या आसपास. गंमत म्हणजे सोयाबीन आमच्याच वावरात होतं. ते पोत्यांनी बाजार समितीत जातं आणि माझ्याकडे पाकिटातून परत येतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "भाव मात्र फक्त जातानीच पडते."

आता मोटरबद्दल.

आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सकाळी सव्वासहाला खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतात. टाकी भरायला ३५ ते ४० मिनिटं लागतात. चौकीदार काका मोटर चालू करतात, मग झाडलोट करतात, कोणाचं दूध आणतात, कोणाची गाडी पुसतात आणि मोटर विसरतात. टाकी भरली की जास्तीचं पाणी पाइपातून पार्किंगच्या पत्र्यावर पडतं. फेब्रुवारीत एकदा ते असंच पडत राहिलं आणि वाऱ्याने गच्चीवरच उडून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले पापड भिजले. त्यावर मीटिंग झाली. मीटिंगमध्ये मोठ्या बाबांशेजारी मी नुसती बसले होते, आणि कुठून सुचलं कोण जाणे, म्हटलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार मोटर मी पाहीन, शटरची किल्ली माझ्याकडे द्या. सोमवारी पहाटेची बस मला सहाला स्टँडवर सोडायची, तिथून बिल्डिंग दहा मिनिटं, तेवढं जमत होतं.

सेक्रेटरी काकांना बिलाची काळजी. मी सांगितलं, ट्रेडमिल चालवणार नाही, एक ट्यूबलाइट लागेल. ते खरंच होतं, कारण तोवर मी आणखी एक हिशोब केला होता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्यात निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि वर दोन दिवस स्नायूंच्या जोराचा. घर ते कॉलेज मला रमतगमत २५ मिनिटं लागायची. भरभर चालले तर १७. जाणं-येणं मिळून ३४, पाच दिवसांचे १७०. म्हणजे ट्रेडमिलचं काम रस्त्यावरच होत होतं, फक्त मैत्रिणींसोबत गप्पा मारत चालायचं सोडावं लागलं. (पूर्ण सोडलं नाही. येताना सोडलं, जाताना दरवेळी नाही. १५० नाही भरले कधी कधी.) जिमकडून मला फक्त जोर हवा होता.

"ताई, टाकी भरली का बंद करजा बरं," चौकीदार काकांनी तीनदा बजावून किल्ली दिली.

पहिले दोन आठवडे मोठी आई सोबत आली. खाली एकटीने शटर उघडून बसायचं, येणारे-जाणारे पाहतात, हे तिला पटेना. मलाही जरा बरंच वाटलं. शटर अर्धं वर, दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर ती मेथी निवडत बसायची आणि आत मी. बाजूच्या खोलीत मोटरची घरघर. त्या आवाजात फोनचं गाणंही ऐकू येत नाही, त्यामुळे फोन वरच राहायला लागला. हा फायदा मी ठरवून मिळवलेला नाही, पण तो मोठा निघाला.

करायचे काय, तर पाचच प्रकार. छातीशी डंबेल धरून बैठका. मशीनवर बसून दोरी पोटाकडे ओढायची. वरून दांडा खाली ओढायचा. हातावरचे जोर. आणि डंबेल हातात घेऊन वाकायचं आणि उठायचं. प्रत्येकाचे तीन फेरे, मध्ये मिनिटभर दम. मोटर बंद व्हायच्या आत बरोबर बसायचं.

जोर मात्र एकही होईना. मोठे बाबा शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात, शिकले अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. १९१४ची संस्था ती, १९३६च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवून आलेली. ते बर्लिन आमच्या घरी दर महिन्याला एकदा तरी निघतं, जणू मोठे बाबाच जाऊन आले होते. स्वतः जिमच्या पायऱ्या ते कधी उतरले नाहीत, पण स्वयंपाकघरातच मला म्हणाले, ओट्यावर हात टेक. ओटा जमला की खुर्ची. खुर्ची जमली की जमीन. ओट्यापासून जमिनीपर्यंत यायला मला मे उजाडला, पण ज्या दिवशी जमिनीवर पहिला जोर झाला त्या दिवशी मी मोटर बंद करायला विसरले.

खरा घोळ वाकण्यात होता. वजन घेऊन वाकले की कमरेत तीच जुनी कळ. फोनवर दहा व्हिडिओ पाहिले, सगळे म्हणतात पाठ सरळ ठेवा. मला वाटायचं सरळच आहे. मग शनिवारी गावाला गेले तेव्हा गोठ्यामागून एक तुराटी घेतली, हातभराहून लांब, आणि पाठीवर उभी धरली. एक हात मानेमागे, एक कमरेमागे. तुराटी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याला, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला. वाकले की लगेच डोकं सुटायचं नाहीतर खालचं टोक सुटायचं. म्हणजे मी कमरेतून वाकत होते. गुडघे जरासे सैल ठेवून बूड मागे न्यायचं, दोन्ही हातांत सामान असताना बुडाने ढकलून दार लावतो ना, तसं. खुब्यातून वाकायचं. पंधरा-वीस वेळा केल्यावर एकदा तुराटी तिन्ही जागी टेकून राहिली, आणि मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला, कमरेला काहीच नाही. मी अंगणात एकटीच "अरे!" म्हणाले. आजी म्हणाली, "पोट्टी तुराटीसंग नाचून राहिली."

ती तुराटी मी दारव्ह्याला आणली. एसटीत कंडक्टरने विचारलं, सर्पण का?

अडीच किलोच्या डंबेलवरून पाचवर यायला तीन आठवडे लागले, साडेसातवर यायला दीड महिना. त्यापुढे आमच्या जिममध्ये दहाची एकच जोडी, तीही एकीचा नट सैल. मग गोडेतेलाचा रिकामा पिपा वाळूने निम्मा भरला, तोंड कापडाने बांधलं. वजन किती ते कोणास ठाऊक, पण दर महिन्याला त्यात वाटीभर वाळू वाढवायची. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पिप्याला हात लावत नव्हते, नुसतं चालणं.

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासलं, ११.८. जिना चढताना मला धाप लागत नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, मोठ्या आईच्या आलं. तोवर ती मेथी सोडून माझ्यासोबत खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करायला लागली होती, दहा-दहाचे दोन फेरे. गुडघ्यासाठी म्हणते. मेमध्ये मात्र दोघींनी पांढरं निशाण दाखवलं. ४५ डिग्रीच्या दिवसांत दिवसभर तापलेली ती शटरची खोली सकाळी सहालाही भट्टीच असते. तिथे पंखा आहे, पण तो गरम हवा हलवतो फक्त. आम्ही फेरे तीनाचे एक केले, ताकाचा तांब्या सोबत ठेवला आणि मोटर बंद करून वर आलो. पुढे परीक्षेत दोन आठवडे तर नुसती मोटर चालू-बंद केली, खुर्चीवर वही घेऊन बसले. किल्ली मात्र दिली नाही कोणाला.

सीतादहीला मी गावात होते. आईने वावरात पूजा केली, दहीभात ठेवला आणि वेचणीला सुरुवात झाली. दिवाळीत सलग पाच दिवस गेले. पहिल्या दिवशी २३ किलो, पाचव्या दिवशी २८. आईचे ४१. म्हणजे जिमने मी आईच्या जवळपासही आले नाही. तिची बोटं बोंडातून एका झटक्यात चारही पाकळ्यांचा कापूस काढतात, माझी दोनदा जातात, आणि बोटांना टोकं टोचायची ती टोचलीच. पण पाचव्या दिवशी संध्याकाळी मी गठोडं बांधलं, खुब्यातून वाकले आणि उचलून बैलगाडीत टाकलं. कोणाला हाक मारली नाही.

त्या रात्री आईला तुराटी लावून वाकायला शिकवलं. तिने दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बरोबर केलं, आणि म्हणाली, "असं वाकून येचलं तं सांजपर्यंत अर्धी पातही होणार नाही." ते खरं आहे. दिवसभर बोंडामागे बोंड काढताना असं मोजूनमापून वाकता येत नाही. गठोडं आणि पाण्याची गुंडी उचलताना मात्र ती आता तसं करते, आणि मी पाहतेय हे पाहिलं की मुद्दाम वाकडी होते. आजीला मी विचारलं, लोखंड उचलून काय भेटलं ते दिसलं का? ती म्हणाली, "पाच किलो जास्त कापूस. त्याले का लागते एवढा खटाटोप." नेमकं सहा ते अकरा किलो होतं, पण आजीशी कोण हिशोब करणार.

दिवाळीहून परत आले तर बिल्डिंगमध्ये टाकीला ऑटोमॅटिक स्विच बसवलेला. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. मीटिंगमध्ये एकमताने झालं, मोठ्या बाबांनीही हात वर केला होता. सेक्रेटरी काका म्हणाले, आता तुला पहाटे खाली यायचा त्रास नाही, किल्ली जमा केली तरी चालेल. मी म्हटलं, देते उद्या.

बुधवारी सव्वासहाला खाली गेले. मोटर सुरू झाली, मी बैठका सुरू केल्या. पिप्याचा दुसरा फेरा, तिसरा फेरा, मग वाटलं पाणी अजून पत्र्यावर पडलं नाही म्हणजे वेळ आहे, म्हणून आणखी एक. मोठी आई खुर्चीवरून चौथ्यांदा उठ-बस करून दमली. मग ती म्हणाली, "काय व, घरघर कधीची बंद आहे." घड्याळात पावणेआठ झाले होते, आणि साडेआठला माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल.